सोमवारी बेंचपुढे रांग का लागते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत. जिममध्ये कुठल्या दिवशी शरीराच्या कुठल्या भागाचा व्यायाम मारायचा, आधी काय आणि नंतर काय? म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत.

ताई, मी २४ वर्षांचा आहे, भोसरीला कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. जिमला सव्वा वर्ष झालं. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी बायसेप, शुक्रवारी ट्रायसेप, शनिवारी लेग्ज असं जिममधल्या दादांनी लावून दिलंय. चेस्टला चार प्रकार, प्रत्येकी पाच सेट. तरी बेंच सहा महिने ६० किलोवर अडकलाय. शनिवार ओव्हरटाइममुळे बऱ्याचदा बुडतो. शेड्यूल बदलू का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

बदल. पण आधी तुझ्याच शेड्यूलचा हिशेब मांडू, म्हणजे काय बदलायचं ते तुलाच दिसेल.

बेंच मारताना, म्हणजे बाकावर पाठीवर पडून रॉड वर ढकलताना, छाती एकटी काम करत नाही. खांद्याचा पुढचा भाग आणि दंडामागचा ट्रायसेप तिच्याबरोबर राबतात. बुधवारी तू डोक्यावर वजन ढकलतोस, तिथे पुन्हा हेच दोघे. शुक्रवारी ट्रायसेप वेगळा. म्हणजे आठवड्यात ट्रायसेपला तीनदा काम, छातीला एकदा, आणि मांड्या-नितंबांना, म्हणजे शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंना, ओव्हरटाइम नसला तर एकदा. कागदावर सहा दिवस सारखे वाटतात, पण वाटणी अजिबात सारखी नाही.

दुसरं असं की, दमदार व्यायाम झाला की त्या स्नायूची बांधणी पुढचा एक-दीड दिवस, फार तर दोन दिवस वाढलेल्या वेगाने चालते. मग ती नेहमीच्या पातळीवर येते. तुझ्या छातीला सोमवारी वीस सेट, म्हणजे सलग उचलींच्या वीस फेऱ्या, मिळतात आणि बुधवारनंतर थेट पुढच्या सोमवारपर्यंत काहीच मिळत नाही. त्या वीसातले शेवटचे आठ-दहा सेट कसे होतात ते आठवून पाहा. वजन कमी केलेलं, रॉड अर्धवट खाली आलेला, जोडीदार खालून हात लावतोय. आठवड्याची एकूण बेरीज सारखी असेल तर एकदा की दोनदा याने फार फरक पडत नाही असं अभ्यासांत दिसतं, हे मला मान्य आहे. पण दमलेल्या हातांनी मारलेला सेट बेरजेत धरण्यासारखा नसतो. तेच काम दोन दिवसांत वाटलं की प्रत्येक सेटला अंग ताजं मिळतं. वीसही नकोत. आठवड्याला त्याच्या निम्म्याहून कमी, पण नीट मारलेले सेट तुझ्या छातीला पुरेत.

दादांवर रागावू नकोस. हे शेड्यूल स्पर्धेत उतरणाऱ्या पोरांकडून आलेलं आहे. दहा वर्षं घाम गाळलेल्या माणसाला एकेका स्नायूला इतके सेट लागतात, की सगळं शरीर एका दिवसात बसतच नाही. म्हणून तो वाटे पाडतो. तुला अजून त्या वाट्यांची गरज नाही.

आता नवं शेड्यूल. तुझ्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, म्हणून वार विसर. चार चिठ्ठ्या कर आणि त्यांना नंबर दे.

एक नंबरला स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठक, मग गुडघे किंचित वाकवून, कमरेतून वाकत मारायची रोमानियन डेडलिफ्ट, मग पोटऱ्या. दोन नंबरला बेंच, त्यानंतर रोइंग, म्हणजे वाकून वजन पोटाकडे ओढणं, मग लॅट पुलडाउन, म्हणजे वरचा दांडा छातीकडे ओढणं, आणि शेवटी बायसेप-ट्रायसेपचा एकेक प्रकार. तीन नंबरला डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उभं राहत उचलणं, मग लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून बसणं, पोटऱ्या, पोट. चार नंबरला पुल-अप्स, मग डोक्यावर शोल्डर प्रेस, मग हलकी बेंच, आठ-आठचे तीन सेट. मुख्य प्रकाराला चार सेट, बाकीच्यांना तीन. दोन चिठ्ठ्या झाल्या की एक दिवस सुट्टी. एखादा दिवस बुडला तर काही बुडलं असं समजू नकोस, पुढच्या दिवशी पुढचा नंबर काढ. रात्रपाळीच्या आठवड्यात तीनच चिठ्ठ्या झाल्या तरी चालतील, चौथी पुढच्या आठवड्यात पहिली येईल. पाय कायमचे शनिवारच्या दावणीला बांधलेले राहणार नाहीत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

एक नंबर आणि तीन नंबर लागून का ठेवले नाहीत, हेही सांगते. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट दोन्हींत कंबर भरडून निघते. आज जड डेडलिफ्ट आणि उद्या जड स्क्वॉट केलास, तर पाय तयार असतील पण कंबर नसेल. स्नायूंच्या आकृतीत कंबर 'बॅक'च्या रकान्यात छापलेली असते, म्हणून ही चूक फार होते. स्नायूंच्या नावांवरून दिवस पाडू नकोस, कुठल्या उचलीत कोण कोण राबतं ते बघून पाड. वेटलिफ्टरच्या वहीत चेस्ट, बॅक असे शब्द सापडत नाहीत, तिथे उचलींची नावं असतात. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅच ११३ आणि क्लीन अँड जर्क १३५ असं २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. त्या खेळात आधी स्नॅच असते, म्हणजे रॉड एका दमात डोक्यावर, मग क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर. जी उचल वेग आणि अचूकता मागते ती अंग ताजं असताना, आणि जड ती नंतर. सरावातही बहुतेक हाच क्रम असतो, आणि पायांची ताकद वाढवणारे स्क्वॉट त्याच्या मागून येतात.

पहिला नंबर कोणाला द्यायचा, हे मी स्वतः फार उशिरा शिकले. १९९१ मध्ये लालबागच्या आमच्या व्यायामशाळेत एकच बेंच होता. वडील तिथे शिकवायचे म्हणून संध्याकाळी सात ते आठ मला परवानगी होती. सोमवारी सात वाजता बेंचपुढे आठ-दहा पोरांची रांग. सोमवार म्हणजे छाती, हे सगळ्या मुंबईत ठरलेलंच होतं. कोपऱ्यात मारुतीच्या तसबिरीखाली स्क्वॉटचे स्टँड मात्र मोकळे असायचे. मग मी काय करणार, रोज आल्या आल्या स्क्वॉट मारायची आणि रांग संपली की पावणेआठला बेंचवर जायची. वर्षभरात माझा स्क्वॉट ४५ वरून ८० किलोवर गेला आणि बेंच ३७.५ वर बसला तो बसलाच. सगळे म्हणायचे, हिच्या पायांतच जन्मजात ताकद आहे. मीही तेच धरून चालले. पुढे पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्टच्या स्पर्धेच्या, तयारीत एका जुन्या प्रशिक्षकांनी माझी वही पाहिली आणि एवढंच केलं की आठवड्यातले दोन दिवस बेंच पहिला घेतला, स्क्वॉट मागे. वजनं तीच, सेट तेवढेच. तीन महिन्यांत बेंच ४५ झाला.

ज्या उचलीने व्यायाम सुरू होतो तिची ताकद सगळ्यात जास्त वाढते. हे पुढे अभ्यासांतही वाचलं. स्नायूच्या आकाराला मात्र क्रमाचा फारसा फरक पडत नाही. पण तुझी तक्रार आकाराची नाही, ६० किलोची आहे. म्हणून दोन नंबरच्या चिठ्ठीत बेंच पहिला, आणि पुढचे आठ आठवडे त्याच्या आधी वॉर्म-अपशिवाय काही नाही. सव्वा किलोच्या प्लेटांची जोडी जिममध्ये नसेल तर स्वतः विकत घे. ६० वरून थेट ६५ ची उडी मारतोस, तिथेच अडकतोस. ६२.५ वर पाचाचे चारही सेट नीट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मी ४६ वर्षांची शिक्षिका, नाशिक. शाळा, घर, पेपर तपासणी यातून आठवड्याला दोनच दिवस चाळीस मिनिटं मिळतात. घरी ५, ७.५ आणि १० किलोच्या डंबेल्सच्या जोड्या आहेत. यूट्यूबवर 'अपर बॉडी', 'लोअर बॉडी' वेगवेगळे दिवस सांगतात. तसं केलं तर प्रत्येक भाग आठवड्यातून एकदाच होतो. मग काय करावं? गुरुवारी माझा उपास असतो.
– एक वाचक, नाशिक

तुमचा प्रश्नच तुमचं उत्तर आहे. दोन दिवस असतील तर दोन्ही दिवस सगळं शरीर. वाटे चार दिवसवाल्यांनी पाडावेत.

दिवस निवडताना मध्ये किमान दोन दिवस सोडा. मंगळवार आणि शनिवार घ्या. गुरुवारच्या उपासाच्या दिवशी नको, आणि शुक्रवारी सकाळीही नको. आदल्या दिवशी शेंगदाणे-साबुदाण्यावर राहिलेल्या अंगाला मांड्यांचं काम जड जातं. संकष्टी यापैकी एखाद्या दिवशी आली तर तो दिवस एकाने पुढे ढकला.

मंगळवारी सुरुवात पायांनी करा. खुर्चीवर टेकता टेकता उठायचा स्क्वॉट, हातात डंबेल्स धरून. तो झाला की दोन प्रकार जोडीने घ्या. जमिनीवर पाठीवर पडून डंबेल प्रेस, आणि पलंगाच्या काठावर एक हात टेकून एका हाताचं रोइंग. एकाचा सेट, दीड मिनिट दम, मग दुसऱ्याचा सेट. ढकलणारे स्नायू राबत असताना ओढणारे विसावतात, म्हणून वेळ निम्मा लागतो आणि ताकद फारशी घटत नाही. चाळीस मिनिटांत बसवायचा हाच खरा मार्ग आहे. शेवटी पायरीवर पोटऱ्या.

शनिवारी क्रम उलटा. आधी पाठ, म्हणजे रोइंग, कारण दिवसभर फळ्यासमोर आणि मग वह्यांवर वाकून तुमची पाठच जास्त मागे पडलेली असणार. मग खांद्यावरून डोक्यावर ढकलायचा प्रेस, मग डंबेल्स मांड्यांजवळून खाली नेत रोमानियन डेडलिफ्ट, आणि वेळ उरला तर हातांचं काहीतरी. उरला नाही तर सोडून द्या, रोइंगमध्ये हातांचं काम झालेलंच असतं.

तुमच्या तीन जोड्या पाहून मला थॉमस डीलॉर्म आठवले. हे अमेरिकन लष्करातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मांड्यांत पुन्हा ताकद आणायला त्यांनी वजनांची पायरी बसवली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन ठरवायचं, मग पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने, प्रत्येकी दहा वेळा. तुमच्याकडे ५, ७.५ आणि १० आहेत, म्हणजे नेमकी तीच पायरी! रोइंगला ती लगेच वापरा. तिसरा सेट सहज बारावर गेला की नवीन जोडी घ्यायची वेळ झाली. प्रेसला कदाचित ५ वरच थांबावं लागेल, हरकत नाही.

या वयात हाडांची घनता उतरायला लागते आणि वजन उचलणं त्यावर उपयोगी पडतं, म्हणून हे दोन दिवस पेपर तपासणीलाही देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खांदा आखडल्यासारखा वाटत असेल तर मात्र डोक्यावरचा प्रेस सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

ताई, मी पोलीस भरतीची तयारी करते. वय २०. रोज पहाटे धावते, संध्याकाळी जिम. लेग्ज मारले की दोन दिवस धावता येत नाही, आणि नाही मारले तर गोळा लांब जात नाही. लेग्ज बंद करू का?
– एक मुलगी, बीड जिल्हा

नाही, बंद करू नकोस. पायांना जागा चुकीची दिली आहेस, एवढंच.

तुझी मैदानी परीक्षा ५० गुणांची. ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५, ४ किलोच्या गोळ्याला १५. पंधरा गुणांची शर्यत आणि पंधरा गुणांचा गोळा, म्हणजे ३० गुण निव्वळ झटक्याच्या ताकदीचे. ती ताकद मुख्यतः पायांतून येते, नुसत्या दंडातून नाही.

तू आता काय करतेस? सोमवारी संध्याकाळी लेग्ज, मंगळवारी पहाटे दुखऱ्या पायांनी जोरात धावणं. व्यायामाचा ठणका साधारण एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून मंगळवार-बुधवार दोन्ही फुकट जातात. त्याऐवजी कठीण गोष्टी एकाच दिवशी एकत्र कर. सोमवारी पहाटे १०० मीटरच्या धावा, चार-पाच, प्रत्येकीनंतर पूर्ण दम खाऊन. लगेच गोळ्याच्या दहा-बारा फेकी. संध्याकाळी स्क्वॉट आणि रोमानियन डेडलिफ्ट, तीन-तीन सेट, तेवढेच. मंगळवारी पहाटे हळू, बोलत बोलत धावायचं, संध्याकाळी छाती-पाठ-खांदे. बुधवार सुट्टी. गुरुवारी ८०० ची तयारी, म्हणजे ४०० किंवा ३०० मीटरच्या धावा, आणि संध्याकाळी पाय पुन्हा, सोमवारच्या निम्मे. शुक्रवार हलका, शनिवारी पूर्ण ८०० वेळ लावून आणि गोळा. रविवारी झोप.

जिममध्ये गेल्या गेल्या पोट मारायची सवय असेल तर ती मोड. माझ्याकडे एक मुलगी रोज शंभर क्रंचेस करून मग स्क्वॉटला यायची. धड सैल पडायचं आणि चौथ्या वेळेलाच पाठ गोल व्हायची. पोट शेवटी.

आणि हे नीट लक्षात ठेव. ठणका नवीन प्रकाराने सगळ्यात जास्त येतो. तोच प्रकार दोन-तीनदा झाला की कमी येतो. म्हणून आता जे दोन प्रकार धरलेस तेच भरतीपर्यंत. मैदानाच्या आधीच्या महिन्यात कोणी कितीही भारी नवीन व्यायाम दाखवला तरी हात लावायचा नाही. शेवटच्या सहा-सात दिवसांत पायांना जड वजन बंद. गोळा मात्र हलक्या हाताने चालू ठेव, सूर जायला नको. तारीख आली की कळव, मला खरंच वाट पाहायची आहे.

आम्ही तालमीत रोज जोर-बैठका मारायचो. रविवारसुद्धा नाही सोडला. आता नातू म्हणतो, आज छाती मारली, उद्या सुट्टी. हे लाड नाहीत का?
– एक आजोबा, कोल्हापूर

आजोबा, तुम्ही केलंत ते बरोबर होतं आणि नातू करतो तेही बरोबर आहे. दोघांनी उचललेल्या वजनात फरक आहे.

जोर मारताना शरीराचं सगळं वजन हातांवर येत नाही. बैठकीत मांड्यांवर येतं ते स्वतःचंच, ज्याची त्यांना चालता-उठता सवय आहे. तुम्ही पहिल्या दिवशी पाचशे मारले नसणार. वस्तादांनी पन्नासावर सुरू करून वर्षं लावून आकडा वाढवला असणार. असं हळूहळू चढवलेलं हलकं काम रोज सोसतं. नातू जे उचलतो ते त्याला पाच-सहा वेळाच जेमतेम उचलता येतं. त्या कामानंतर स्नायूला आणि त्याहून जास्त सांध्यांना दिवस-दोन दिवस लागतात.

शिवाय तालमीचा दिवस आठवा. पहाटे मेहनत, मग दूध, थंडाई, जेवण, आणि दुपारची गाढ झोप. तुमची सुट्टी रोज दुपारीच होती, म्हणून रविवारची लागली नाही. नातू कॉलेज, गाडी आणि मोबाइल यात दिवस काढून जिमला जातो, त्याला दुपारची झोप नाही.

त्याला एक मात्र सांगा. तालमीत बैठका कोणी चुकवत नसे. तो पायांचा दिवस चुकवतो का, ते विचारा. चुकवत असेल तर त्याच्या सुट्टीच्या दिवशी शंभर बैठका तुमच्यासमोर काढून घ्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याने त्याचं काही बिघडणार नाही.

बायसेप पाठीच्या दिवशी मारावा की छातीच्या?
– एक वाचक, मडगाव

पाठीच्या दिवशी मारलात तर पाठीनंतर. आधी कर्ल, म्हणजे कोपर वाकवून वजन उचलणं, मारून मग पुल-अप्सला लटकलात की पाठ दमायच्या आधी हात सुटतात आणि पाठ कोरडीच राहते. छातीच्या दिवशी मारलात तर बायसेप ताजा मिळेल आणि वजन जास्त उचलाल, पण मग दुसऱ्याच दिवशी पाठ ठेवू नका. हात खरंच मागे पडले असतील तर दोन महिने छातीच्या दिवशी, एरवी पाठीच्या दिवशी शेवटचे तीन सेट पुरेत.